‘हाड नाही’ म्हणजे नेमकं कुठं आणि किती नाही?

डिचोलीहून एका मुलाने आईसाठी विचारलंय. आईचं वय ६६. चौदा वर्षांपूर्वी उरलेसुरले दात काढले, तेव्हापासून वर-खाली पूर्ण कवळी. वरची बरी बसते. खालची जेवताना तरंगते आणि भाकरी चावली की विजेसारखी कळ येते. त्यामुळे आई हल्ली पेज आणि शीत-कडीवर आलीय. तीन डॉक्टर झाले. पहिले म्हणाले, हाडच उरलेलं नाही, इम्प्लांट (दातासाठी हाडात बसवायचा स्क्रू) विसरा. दुसऱ्यांनी गालाच्या हाडात लांब स्क्रू घालून वरचे दात पक्के करू असं सांगितलं. तिसरे म्हणाले, बेसल इम्प्लांट घाला, हाड लागतच नाही, तीन दिवसांत दात. आईला मधुमेह आहे. सोबत ओपीजीचा, म्हणजे दोन्ही जबड्यांच्या सपाट एक्स-रेचा फोटो, आणि शेवटी प्रश्न: कुणाचं खरं, आणि चवथीपर्यंत, म्हणजे गणेशचतुर्थीपर्यंत, काही होईल का?

तिघांपैकी कुणी खोटं बोललंय असं मी म्हणणार नाही. पण ‘हाड नाही’ हे दोन शब्द आम्ही दातांचे डॉक्टर फार सैल वापरतो, आणि पेशंट ते घरी नेऊन त्याचा अर्थ लावत बसतो. जबडा जागेवर आहे म्हणजे हाड आहेच. विचारायचं असतं ते असं: कुठल्या जागी, किती उंच, किती रुंद, आणि त्याच्या वर-खाली असं काय आहे ज्याला धक्का लागता कामा नये. १९८८ साली कॉवूड आणि हॉवेल या दोघांनी झिजलेल्या जबड्याचे सहा वर्ग पाडले. दात असलेला जबडा पहिला. चौथ्यात हिरडीखालचं हाड सुरीच्या पात्यासारखं अरुंद होतं, पाचव्यात सपाट, सहाव्यात खोलगट. एकाच तोंडात पुढे चौथा आणि मागे सहावा असं सर्रास दिसतं. तुमच्या आईच्या बाबतीत मला तेच वाटतंय.

हाड का झिजतं, हे थोडक्यात सांगतो, कारण पुढचे पर्याय त्यावरच उभे आहेत. दाताच्या मुळाभोवतीचं हाड दातासाठीच असतं. चावताना मूळ त्याला सारखं ओढत-दाबत असतं, त्यावर ते जगतं. दात काढला की त्या जागेची रुंदी पहिल्या वर्षात साधारण निम्म्यावर येते, आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. मग वेग मंदावतो, पण थांबत नाही. त्या हिरडीवर कवळी असेल तर तिचा दाब हिरडीवरून हाडावर येतो. हाडाला हवी असते ती आतून ओढ, वरून दाब नव्हे. १९७२ साली टॅलग्रेन यांनी कवळी वापरणाऱ्यांचा पंचवीस वर्षांचा मागोवा प्रसिद्ध केला. त्यात खालचा जबडा वरच्यापेक्षा सरासरी चौपट झिजलेला दिसला. तुमच्या आईची खालचीच कवळी तरंगते ती यामुळे. त्यात वरच्या कवळीला टाळूचा आधार आणि हवेची पकड मिळते. खालची बिचारी घोड्याच्या नालेसारखी, मधे सारखी वळवळणारी जीभ.

आता तुमचा ओपीजी. फोटोवरून निदान करत नाही, पण जे दिसतं ते सांगतो. खालच्या जबड्यात मागून पुढे एक नस येते आणि उपदाढांच्या जागी एका भोकातून बाहेर पडून ओठाकडे जाते. दात असताना ते भोक हिरडीपासून बरंच खाली असतं. आईच्या डाव्या बाजूला हाड झिजून झिजून ते जवळजवळ माथ्यावर आलंय. म्हणजे चावताना कवळी थेट नसेवर बसते. विजेसारखी कळ आहे ती हीच! इम्प्लांटचा विचार होईल तेव्हा होईल, पण आधी कवळी कुणाकडेही घेऊन जा आणि त्या जागी आतून खरवडून पोकळी करून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे. तीन डॉक्टर झाले आणि हे कुणी केलं नाही याचं मला वाईट वाटतं.

पण ओपीजीवर मोजमापं करू नका, आणि कुणी करत असेल तर करू देऊ नका. यात माझे हात पोळलेत. म्हापशात दवाखाना सुरू करून मला तीन-चार वर्षं झाली होती. सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, तेव्हा जवळपास नव्हतं. एका पेशंटच्या खालच्या दाढेच्या जागी ओपीजीवर फूटपट्टी लावून मी इम्प्लांट घातला. ओपीजीतलं चित्र खऱ्यापेक्षा साधारण पाव पट मोठं येतं आणि सगळीकडे सारखं मोठं येत नाही, हे पुस्तकात वाचलेलं होतं, पण हाताला अजून माहीत नव्हतं. संध्याकाळी त्यांचा फोन आला: भूल उतरली तरी ओठ बधिर आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी इम्प्लांट काढला. ओठाची जाणीव हळूहळू परतली, पण पूर्ण नाही. दाढी करताना हनुवटीच्या एका पट्ट्यावर पातं कळत नाही, असं ते अजून सांगतात. तेव्हापासून सीबीसीटीशिवाय मी खालच्या जबड्याला ड्रिल लावत नाही. सीबीसीटीत हाडाचे मिलिमीटरभर जाडीचे काप दिसतात. नसेपासून निदान दोन मिलिमीटर अंतर ठेवायचं असतं, आणि ते अंतर सपाट फोटोवर मोजता येत नाही.

आईच्या खालच्या जबड्यात नसेच्या वर मागच्या बाजूला फार हाड उरलेलं दिसत नाही. तिथे काय काय करतात? सहा मिलिमीटरचे आखूड इम्प्लांट घालतात. आम्ही शिकत होतो तेव्हा दहाच्या खाली जाऊ नका असं बजावलं जायचं, आता आखूड इम्प्लांट योग्य जागी चांगले टिकतात हे मान्य झालंय. अक्कलदाढेमागचा किंवा हनुवटीचा हाडाचा तुकडा काढून बसवतात. अरुंद हाड मधोमध चिरून रुंदावतात. नसच बाजूला सरकवायची शस्त्रक्रियाही आहे. ती मी करत नाही आणि ६६ वर्षांच्या बाईला सुचवणारही नाही.

कारण यातल्या कशाचीच गरज नसावी. दोन्ही बाजूंच्या त्या भोकांच्या मधला पुढचा भाग, म्हणजे हनुवटीच्या वरचा, सगळ्यात शेवटी झिजतो. ओपीजीत तिथे हाड बऱ्यापैकी उंच दिसतंय. पाव पट वजा केली तरी दहा मिलिमीटरचा इम्प्लांट बसावा. दोन सुळ्यांच्या जागी दोन इम्प्लांट, त्यावर टिचबटणासारख्या खिट्ट्या, आणि कवळीच्या आत त्यांची दुसरी बाजू. कवळी टक् आवाज करून बसते आणि रात्री काढून धुता येते. २००२ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात तज्ज्ञांनी एकत्र बसून ठरवलं की सगळे दात गेलेल्या खालच्या जबड्यासाठी नुसती कवळी हा पहिला पर्याय राहू नये, दोन इम्प्लांटवरची कवळी हा असावा. दोन दशकं उलटली, तरी आपल्याकडे पेशंटला एक तर नुसती कवळी नाही तर थेट लाखांचे पक्के दात एवढंच ऐकायला मिळतं. मधली पायरी दाखवायला कुणाला वेळ नसतो.

यालाही देखभाल आहे. खिट्टीतली नायलॉनची रिंग झिजते, वर्षा-दीड वर्षाने बदलावी लागते. कवळी हलायला लागली म्हणून घाबरून येणाऱ्या निम्म्या लोकांची फक्त रिंग गेलेली असते. आणि पुढच्या भागात हाड आहे म्हणून ते काम सोपं, असंही समजू नका. जिभेच्या बाजूने जबडा आत वळलेला असतो. ड्रिल तिकडून बाहेर गेला तर जिभेखालच्या रक्तवाहिनीतून रक्त साचून श्वासाला अडथळा येऊ शकतो. हाड फारच बारीक असेल तर जबडा मोडण्याचाही धोका असतो. सीबीसीटीचा आग्रह याहीसाठी.

वरच्या जबड्याचं दुखणं वेगळं. तिथे अशी नस नाही, पण दाढांच्या मुळांवर सायनसची पोकळी असते. दात गेले की हिरडीकडून हाड झिजतं आणि वरून सायनस खाली पसरतो. मधे उरतो दोन-चार मिलिमीटरचा पापुद्रा. तिथे हाड तयार करायचं तर सायनस लिफ्ट. चार-पाच मिलिमीटर हाड उरलेलं असेल तर हिरडीतूनच, इम्प्लांटच्या भोकातून, सायनसचा पडदा थोडा वर उचलता येतो. त्याहून कमी असेल तर बाजूने खिडकी करावी लागते.

ही शस्त्रक्रिया मला आवडते, म्हणून दोन ओळी जास्त लिहितो. हिरडी बाजूला केली की दाढांच्या वरचं हाड दिसतं. त्यात नखाएवढी खिडकी कोरायची. हाड पातळ होत जातं तसा आतून करडा-निळसर रंग फुटतो, तो सायनसचा पडदा. उकडलेल्या अंड्याच्या कवचाखाली जो पातळ पापुद्रा असतो ना, तसा. पेशंटने श्वास घेतला की तोही हलतो. बोथट चमच्यासारख्या हत्याराने तो हाडापासून सोडवत वर ढकलायचा आणि खालच्या रिकाम्या जागेत हाडाचे दाणे भरायचे. पडदा फाटणं ही यातली नेहमीची अडचण. लहान फाटला तर वरून कोलॅजनचं ठिगळ लावतात. मोठा फाटला तर निमूटपणे टाके घालून दोन-तीन महिने थांबायचं. नंतर दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची, आणि आम्ही विमानप्रवासही टाळायला सांगतो. गोव्यात हे मुद्दाम सांगावं लागतं. दुबईहून किंवा लंडनहून आठ दिवसांच्या सुट्टीत ‘सगळं उरकून जातो’ म्हणणारे बरेच असतात. दाण्यांचं हाड व्हायला सहा ते नऊ महिने लागतात. ते सुट्टीत मावत नाही.

दाणे कशाचे, हे विचारा. आम्ही सांगायला हवं, पण बरेचदा कुणी सांगत नाही. जास्त वापरले जातात ते गाईबैलांच्या हाडापासून प्रक्रिया करून केलेले; वरचं कोलॅजनचं आवरण गाईचं किंवा डुकराचं असतं. एकदा फोंड्याच्या एका आजींनी टेबलावरची छोटी बाटली पाहून विचारलं, “दोतोर, हें कसलें?” मी सांगितलं. त्या खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या. चूक माझीच होती, आधी विचारायला हवं होतं. त्यांना शेवटी कृत्रिम कॅल्शियम फॉस्फेटचे दाणे भरले, छान हाड झालं. कृत्रिम आहेत, स्वतःच्या जबड्याचं हाड आहे, आणि दात्यांच्या हाडापासून केलेलेही आहेत. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये १९८८ पासून टिश्यू बँक आहे, तिथून ते मिळतात. तुमच्या आईचा जो काही विश्वास असेल तो बाजूला न ठेवता काम होतं.

ज्यांना ग्राफ्ट, म्हणजे असं हाड भरणं, नको आणि पक्केच दात हवेत, त्यांच्यासाठी ऑल-ऑन-फोर: चार इम्प्लांटवर जबड्याचे सगळे दात. लिस्बनच्या पाउलो मालो यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत रुळवली. (लिस्बनहून गोव्यात आलेल्या गोष्टींमध्ये पावानंतर मला हीच जास्त उपयोगी वाटते.) पुढे दोन इम्प्लांट सरळ, मागचे दोन पंचेचाळीस अंशांपर्यंत तिरपे. तिरपे घातल्याने वर सायनस आणि खाली नस चुकवता येते, आणि लांब इम्प्लांट बसून पकडही घट्ट मिळते. पकड पुरेशी असेल तर त्याच दिवशी किंवा दोन-तीन दिवसांत तात्पुरते दात लावतात. ‘तात्पुरते’ हा शब्द लक्षात ठेवा. पक्के दात काही महिन्यांनी वेगळे बनतात, आणि दरम्यान मऊच खायचं असतं. जाहिरातीत हा भाग बारीक अक्षरात असतो.

दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलेले झायगोमॅटिक इम्प्लांट. साधा इम्प्लांट आठ ते तेरा मिलिमीटरचा. हा तीस ते पन्नासच्या पुढे, टाळूच्या बाजूने शिरून गालाच्या हाडात अडकतो. इम्प्लांटशास्त्र ज्यांच्यापासून सुरू झालं त्या स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनीच तो आणला, कॅन्सरमध्ये किंवा अपघातात वरचा जबडा गेलेल्यांसाठी. अनुभवी हातात निकाल चांगले येतात. पण वाटेत सायनस असतो, वर डोळ्याची खोबण असते, आणि बिघडला तर काढणं म्हणजे पुन्हा मोठी शस्त्रक्रिया. आईची वरची कवळी बरी बसते असं तुम्हीच लिहिलंय. मग बऱ्या चाललेल्या जबड्यात सगळ्यात मोठी शस्त्रक्रिया आणि खालचा दुखरा जबडा तसाच, हे गणित मला कळलेलं नाही.

बेसल इम्प्लांटवर माझं मत थोडं कडक आहे, ते माझं म्हणूनच घ्या. ‘हाड लागत नाही’ हे वाक्यच चूक आहे. हे इम्प्लांट जबड्याच्या खोलवरच्या कठीण थरात अडकवतात, म्हणजे हाडच वापरतात. ग्राफ्ट टळतो, दात लवकर मिळतात, हे खरं. पण ते एकसंध असतात, वरचा भाग वेगळा काढता येत नाही, आणि सगळे एका पुलाने जोडलेले. त्यातला एक हलला तर अख्खं बांधकाम उघडावं लागतं. नेहमीच्या इम्प्लांटमागे १९६५ पासूनचा अनुभव आहे. ब्रोनेमार्क यांच्या पहिल्या पेशंटने ते चाळीस वर्षं तोंडात बाळगले. तेवढा मागोवा इथे नाही. हे काम नीट करणारे लोक आहेत, पण तीन दिवसांत दात देणाऱ्याला तीन वर्षांनी हलला तर काय कराल हे विचारा, आणि उत्तर कागदावर घ्या.

तब्येतीचं. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वांत जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के. त्यामुळे आईचा मधुमेह मला नवीन नाही. ‘गोळ्या चालू’ याचा उपयोग नाही, एचबीए१सीचा, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा हवा. सातच्या आसपास असेल तर मी काम करतो, आठच्या वर असेल तर आधी तो खाली आणा. मिश्री लावत असतील तर ती सोडावी लागेल. हे मुलाने नव्हे, सुनेने किंवा लेकीने एकांतात विचारलेलं बरं. मुलासमोर बायका कबूल करत नाहीत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हाडं ठिसूळ झाल्याची औषधं. आठवड्याला एक गोळी, वर्षातून एक सलाइन किंवा सहा महिन्यांनी पोटात इंजेक्शन, असं काही चालू आहे का? ही औषधं हाडाची झीज थांबवतात, पण त्यांच्यावर असताना जबड्यात शस्त्रक्रिया केली तर क्वचित हाड भरत नाही, उघडं पडून सडतं. गोळी असेल तर धोका कमी, कॅन्सरसाठी मोठ्या डोसची इंजेक्शनं असतील तर मी इम्प्लांट करत नाही. बायका ही गोळी दाताच्या डॉक्टरला सांगत नाहीत, कारण ती गुडघ्याची किंवा कंबरेची आहे असं त्यांना वाटतं. ती स्वतःहून बंदही करू नका, देणाऱ्या डॉक्टरला विचारा.

माझ्याकडे आल्या असत्या तर मी असं केलं असतं. आधी कवळीत पोकळी करून कळ थांबवली असती. मग सीबीसीटी आणि एचबीए१सी. आकडे ठीक असतील तर खाली पुढे दोन इम्प्लांट, साध्या भुलीत, तासाभराचं काम. वरची कवळी मात्र नवी करून घेतली असती. चौदा वर्षांत तिचे दात झिजून सपाट झालेले असणार, आणि झिजलेल्या दातांनी भाकरी तुटत नाही, चिरडली जाते. वर इम्प्लांटचा विचार पुढच्या वर्षी, तोही आईला स्वतःला हवा असेल तर. कवळीच्या टाळूमुळे उमासे येतात किंवा चव लागत नाही अशी तक्रार असेल तर वर निदान चार इम्प्लांट घालून टाळू कापलेली कवळी देता येते. दुसरं मत हवं असेल तर बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात दाखवा.

चवथीचं म्हणाल तर, आजोबा असोत की आजी, मे महिन्यात सगळ्यांचा हाच प्रश्न: “दोतोर, चवथीक नेवऱ्यो खावपाक मेळटल्यो मू?” खालच्या जबड्यात इम्प्लांट पक्का व्हायला साधारण तीन महिने धरतो. तेवढ्या काळात कवळी त्या जागी पोखरून वापरायची आणि मऊ खायचं. चवथीच्या तीन महिने आधी शस्त्रक्रिया झाली तर नेवऱ्या (करंज्या) नक्की. जत्रेतलं खाजं नाही, ते माझ्या दातांनाही झेपत नाही.

सीबीसीटी काढाल तेव्हा नुसता छापील कागद न घेता फाइल पेनड्राइव्हवर मागा. दुसऱ्या डॉक्टरला काप स्वतः फिरवून बघता आले पाहिजेत. काम झालं की इम्प्लांटच्या डबीवरचा स्टिकर मागून आईच्या फायलीत चिकटवा. त्यावर कंपनी, माप आणि बॅच नंबर असतो. जहाजावर काम करणारा एक पेशंट गेल्या वर्षी सैल झालेला स्क्रू घेऊन आला. कुठल्या तरी बंदरावरच्या दवाखान्यात काम झालेलं, कागद एकही नाही. स्क्रू घट्ट करायला दोन मिनिटं लागली. कुठल्या कंपनीचा स्क्रूड्रायव्हर लागतो हे शोधायला अकरा दिवस.